हम्बोल्ट नेमका कुठं उभा होता?

काही वर्षांपूर्वी मी एका लेखात एक वाक्य लिहिलं होतं: दोनशे दहा वर्षांत चिंबोराझो पर्वतावरची झाडं पाचशे मीटर वर सरकली. मला ते फार आवडलं होतं. बाकीचा लेख कुणी वाचला की नाही माहीत नाही, पण त्या वाक्याचे स्क्रीनशॉट फिरले. आमच्या घरच्या ग्रुपवरही गेले. आणि साताऱ्याहून मामांचा फोन आला.

मामा मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले, भावाभावांची भांडणं ऐकली, उन्हात उभं राहून नकाशे काढले. हवामानबदल वगैरे विषयांवर त्यांचं मत 'बघू' एवढंच असतं.

"अगं, तुझा तो जर्मन माणूस उभा कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"डोंगरावर, मामा."

"डोंगरावर म्हणजे कुठं? आम्ही मोजणीला गेलो की आधी हद्दीचा दगड शोधायचो. दगड सापडला नाही तर पुढचं सगळं हवेत. ह्याचा दगड कुठाय?"

"मामा, तो हम्बोल्ट आहे," मी म्हणाले. जणू काही हे उत्तर होतं.

हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे. आणि एका चित्राचं वाचनही. कारण माझं ते पाचशे मीटरचं वाक्य शेवटी एका चित्रावर उभं होतं, आणि ते चित्र मी पाहिलं होतं, वाचलं नव्हतं.

*

ते चित्र दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवा. फोन आडवा धरा, उभ्या पडद्यावर त्याचा जीव गुदमरतो. मूळ छापील चित्र साधारण तीन फूट बाय दोन फूट आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि एमे बाँप्लाँ यांनी १८०७ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या, वनस्पतींच्या भूगोलावरच्या निबंधासोबत ते आलं. फ्रेंचमध्ये त्याला 'ताब्लो फिझिक' म्हणतात. जर्मनमध्ये त्यासाठी जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ सरळ 'निसर्गचित्र' असा होतो.

मधोमध एक पर्वत आहे, सुरीनं केक कापावा तसा उभा कापलेला. डाव्या अंगाला रंग: खाली गर्द हिरवं जंगल, वर फिकट होत जाणारं गवत, मग खडक, मग बर्फ. मागे धूर सोडणारा कोटोपाक्सी ज्वालामुखी. उजव्या अंगाला मात्र रंग नाही. तिथं कापलेल्या डोंगराच्या पोटात मुंगीएवढ्या अक्षरांत वनस्पतींची लॅटिन नावं भरलेली आहेत, जी ज्या उंचीवर वाढते त्या उंचीवर. तळाशी ताड आणि केळी, वर वृक्षनेचे, सिंकोना, मग झुडपं, मग ४,१०० ते ४,६०० मीटरच्या पट्ट्यात गवतं, त्याच्या वर दगडफुलं. दोन्ही कडांना रकाने आहेत: उंची, तापमान, हवेचा दाब, पाणी किती अंशांना उकळतं, आकाश किती निळं दिसतं, कोणते प्राणी राहतात, कोणती पिकं निघतात. पिकांच्या रकान्यात ऊस, नीळ, कोको, कॉफी यांच्या जोडीला आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचाही उल्लेख आहे. निसर्गाच्या एकतेचं चित्र म्हणून आज जे पोस्टर भिंतीवर लागतं, त्यात हेही आहे.

मला या चित्राचं सगळ्यात मोठं कसब वाटतं ते त्याच्या मधल्या शिवणीत. रंगवलेली बाजू कुठं संपते आणि यादी कुठं सुरू होते, हे डोळ्याला खुपत नाही. डावीकडचा पर्वत खरा वाटतो, म्हणून उजवीकडची नावंही त्याच पर्वतावर कुणीतरी चालत जाऊन लिहिल्यासारखी वाटतात. एखादं नाव ४,३०० मीटरच्या रेषेवर छापलेलं दिसलं की आपण मनात म्हणतो, ही वनस्पती इथं होती. 'इथं' म्हणजे कुठं, हे विचारत नाही.

खरं तर चित्रानं काही लपवलेलं नाही. त्याचं लांबलचक शीर्षक स्पष्ट सांगतं की ही अँडीज आणि शेजारच्या प्रदेशांची मांडणी आहे, आणि ती उत्तरेच्या दहा अक्षांशांपासून दक्षिणेच्या दहा अक्षांशांपर्यंत, १७९९ ते १८०३ या पाच वर्षांत घेतलेल्या निरीक्षणांवरून केली आहे. वीस अक्षांश म्हणजे जवळपास कन्याकुमारी ते दिल्ली. एवढ्या पट्ट्यातली झाडं गोळा करून ती एकाच डोंगरावर लावली, आणि त्या डोंगराला चिंबोराझोचा आकार दिला. मागचा कोटोपाक्सीही प्रत्यक्षात जवळजवळ शंभर किलोमीटर लांब आहे. चित्र म्हणून यात काहीच वावगं नाही. चित्रकार असंच करतात. पण मी त्याच्याकडे चित्र म्हणून पाहिलंच नव्हतं. मला ती सातबाऱ्यावरची नोंद वाटली होती.

*

चित्र चिंबोराझोला चिकटण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते साहित्यिक आहे. २३ जून १८०२ रोजी हम्बोल्ट, बाँप्लाँ, कार्लोस मोंतुफार आणि त्यांच्यासोबतचा एक स्थानिक माणूस चिंबोराझो चढले. धुकं, निसरडी धार, हिरड्यांतून रक्त. शेवटी एका भेगेनं वाट अडवली. हम्बोल्टच्या हिशेबानं ते ५,८७५ मीटरच्या आसपास पोचले होते, आणि चिंबोराझो तेव्हा जगातला सर्वांत उंच पर्वत समजला जात होता. गोष्ट सांगायला याहून चांगला प्रसंग कुठला?

आंद्रेआ वुल्फ यांचं 'द इन्व्हेन्शन ऑफ नेचर' (२०१५) याच चढाईनं सुरू होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हम्बोल्ट भेटला तो याच पुस्तकातून. मलाही. पुस्तक झपाटून टाकतं, विसरून गेलेल्या माणसाला पुन्हा जिवंत करतं, ते श्रेय मी काढून घेणार नाही. पण कथेचं शिखर पर्वताच्या शिखराजवळ ठेवल्यामुळे वाचकाच्या मनात एक क्रम पक्का होतो: तो वर गेला, त्याला सगळं एकदम दिसलं, खाली येऊन त्यानं ते काढलं. साक्षात्काराची गोष्ट. आपल्याकडे संतचरित्रांपासून सिनेमापर्यंत ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की ती आपल्याला खरीच वाटते.

धुक्यात, हात सुन्न झालेले असताना, धापा टाकत कुणी गवताच्या प्रजाती नीट गोळा करत नाही, एवढं साधं मला सुचायला हवं होतं. मी भर पावसात राजगडाची संजीवनी माची उतरले तेव्हा मला माझ्या बुटांपलीकडचं काही आठवत नाही.

झाडं गोळा झाली ती दुसरीकडे, तीन महिने आधी. मार्च १८०२ मध्ये ही मंडळी क्विटोच्या आग्नेयेला अँटिसाना या ज्वालामुखीवर होती. तिथं सुमारे ४,१०० मीटरवर गुरं राखणाऱ्यांचा एक वाडा होता, राहायला छप्पर होतं, हिंडायला जागा होती. अँटिसाना साधारण ५,७०० मीटरचा, चिंबोराझोपेक्षा बुटका. त्याच्यावर कुणी कविता केली नाही, आणि चित्राला आकारही त्यानं दिला नाही. वृक्षरेषेच्या वरची बहुतेक झाडं मात्र तिथली.

आणखी दोन माणसं या चित्राच्या मागे आहेत. एक बाँप्लाँ. वनस्पती गोळा करणं, वाळवणं, नोंदवणं हे काम प्रामुख्यानं त्याचं. निबंधाच्या मुखपृष्ठावर त्याचं नाव आहे, पण पोस्टर पाहणाऱ्यांपैकी कितीजण ते घेतात? दुसरा फ्रान्सिस्को होसे दे काल्दास. पाणी किती अंशांना उकळतं यावरून उंची काढण्याची रीत त्यानं स्वतःच्या बळावर बसवली होती, आणि अँडीजमधल्या वनस्पतींची उंचीनुसार मांडणी तोही करत होता. १८०१ च्या शेवटच्या दिवशी तो हम्बोल्टला भेटला, पुढच्या प्रवासात सोबत जायची त्याची फार इच्छा होती. हम्बोल्टनं मोंतुफारला नेलं. १८१६ मध्ये स्पॅनिश सत्तेनं काल्दासला गोळ्या घातल्या. कल्पना कुणाची आधी हा वाद अजून चालतो आणि मी त्यात पडणार नाही. मात्र पर्वतावर एकट्या माणसाला साक्षात्कार झाला या गोष्टीत काल्दासला जागाच उरत नाही.

जाता जाता एक गंमत. हम्बोल्टनं निबंधाची जर्मन आवृत्ती गटेला अर्पण केली. गटेच्या हातात पुस्तक आलं तेव्हा त्यात ते मोठं चित्र नव्हतं. मग त्यानं मजकूर वाचून स्वतःच एक काढलं: एका बाजूला अँडीज, दुसऱ्या बाजूला आल्प्स, चिंबोराझोवर उभा इवलासा हम्बोल्ट. अँडीज कधीही न पाहिलेल्या माणसानं, मूळ चित्रही न पाहता काढलेलं चित्र! म्हणजे हम्बोल्टला शिखराजवळ उभं करायचा मोह सगळ्यात आधी एका कवीला झाला.

*

आता माझ्या वाक्याकडे. २०१२ मध्ये संशोधकांचा एक गट चिंबोराझोवर गेला. उंचीच्या टप्प्याटप्प्यानं कोणत्या वनस्पती कुठं आहेत ते त्यांनी नोंदलं आणि हम्बोल्टच्या चित्राशी ताडून पाहिलं. निष्कर्ष २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला: वनस्पतींची वरची सीमा सरासरी पाचशे मीटरहून अधिक सरकली आहे. हम्बोल्टकडे फुलझाडांची हद्द ४,६०० मीटरवर, त्यांना ती ५,१८५ मीटरवर सापडली. काम कष्टाचं होतं. विरळ हवेत ५,००० मीटरवर ओणवं बसून इंचभर झुडपं ओळखणं म्हणजे काय, याची मला कल्पनाही करवत नाही.

पण शंका लगेच निघाल्या. जुन्या नोंदी या तुलनेला पुरेशा विश्वासार्ह नाहीत असं एका टीपेत म्हटलं गेलं. दुसरीत म्हटलं गेलं की डोंगरावरच्या गवताळ पट्ट्याची खालची कड माणसाच्या आगी आणि गुरं यांच्यामुळे खालीही सरकते, तेही पाहा. मग २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात पिएर मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. तो मी विज्ञानाचा म्हणून उघडला आणि समीक्षेचा म्हणून वाचून संपवला.

त्यांनी काय केलं, तर मामांचा प्रश्न विचारला. इकडंतिकडं विखुरलेली जुनी कागदपत्रं धुंडाळून चित्रातलं एकेक नाव मुळात कुठून आलं हे शोधलं. पाठभेद तपासणारा संपादक जुन्या पोथीचं करतो तेच. त्यातून दिसलं की वृक्षरेषेच्या वरचा चित्राचा भाग हम्बोल्टनं बराचसा अंदाजानं रचला होता, त्यातल्या काही नोंदी चुकीच्या होत्या, आणि पुढच्या प्रकाशनांत तो स्वतःच त्या सुधारत राहिला. प्रसिद्ध राहिलं ते पहिलं चित्र. पुढच्या दुरुस्त्या कुणी भिंतीवर लावल्या नाहीत. आणि त्या वरच्या भागातल्या वनस्पती मुख्यतः अँटिसानाच्या आहेत हेही तेव्हाच स्पष्ट झालं.

मग ते अँटिसानावर गेले. हा भाग मला सर्वांत आवडतो. चित्राची चूक दाखवून ते थांबले नाहीत, खऱ्या जागी जाऊन पुन्हा मोजलं. उत्तर आलं: २१५ वर्षांत २१५ ते २६६ मीटर. (दोन्हीकडे २१५ हा योगायोग. मी तीनदा तपासला.)

पाचशेचे निम्मे.

*

हे वाचलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया चांगली नव्हती. मला वाटलं, हे कुणाला सांगायला नको. ग्रुपवर 'हवामानबदल म्हणजे सगळं थोतांड' असे फॉरवर्ड टाकणारे दोघेतिघे आहेत. त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या? वाक्य जुनं झालंय, लोक विसरलेत. दोन दिवस मी गप्प बसले. मग मामांना फोन केला.

"म्हणजे निम्मं खोटं होतं," मामा म्हणाले.

"खोटं नाही. दगड चुकीचा होता."

"तेच म्हणतोय मी." आणि जरा थांबून, "पण झाडं सरकली ना?"

"सरकली."

"मग निम्म्याचं काय रडतेस? अर्धा गुंठा सरकला तरी कोर्टात जातात लोक."

मामांचा हिशेब मला पुरे होता, पण माझाही एक करून पाहावा असं वाटलं. डोंगरावर दर १०० मीटर वर गेलं की तापमान साधारण ०.६ अंशानं उतरतं. झाडं आपलं जुनं तापमान शोधत वर गेली असं धरलं, तर पाचशे मीटर म्हणजे तीन अंश. औद्योगिक काळाआधीपासून पृथ्वीची सरासरी वाढ सव्वा ते दीड अंशाच्या घरात आहे. २१५ ते २६६ मीटरचं गणित येतं १.३ ते १.६ अंश. हा पुरावा नाही हे मलाही कळतं. उंचावर तापमानवाढ वेगळी असू शकते, बर्फ हटला की झाडांना नवी जमीन मोकळी होते, आणि झाडं काही थर्मामीटर बघून चालत नाहीत. पण हा गुणाकार फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतो, आणि पाचशेचा आकडा लिहिण्याआधी मी तो केला असता तर निदान थबकले असते. मी थबकले नाही, कारण मोठा आकडा मला हवा होता.

दुरुस्त आकड्याची गंमत अशी की तो एकटा पडत नाही. दहा वर्षांत दहा ते बारा मीटर, हाच वेग जगभरच्या डोंगरांवर दिसतो. पाचशे मीटरचा चिंबोराझो म्हणजे एक नवल होतं, दूरचं, थोडं अद्भुत. अँटिसानाची नोंद इतर डोंगरांच्या रांगेत जाऊन बसते, आणि मग ती नाकारायची तर सगळी रांगच नाकारावी लागते. शिवाय अँटिसानाभोवतीचा पारामो, म्हणजे वृक्षरेषेवरचा तो भिजका गवताळ प्रदेश, क्विटो शहराला पाणी पुरवतो. तिथं काय उगवतं आणि काय उगवायचं थांबतं, हा फक्त वनस्पतिशास्त्रज्ञांचा विषय उरत नाही.

*

आकडे वाचण्याबद्दल बोलतेच आहे, तर आल्प्सचं एक उदाहरण, कारण तिथं चूक उलट्या बाजूनं होते. स्वित्झर्लंडमध्ये पिझ लिनार्ड नावाचं ३,४१० मीटरचं शिखर आहे. १८३५ मध्ये ओस्वाल्ड हेर तिथं चढला तेव्हा माथ्यावर त्याला फुलझाडाची एकच प्रजाती सापडली. २०११ मध्ये सोळा होत्या. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या नोंदी एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. त्यात दिसतं की माथ्यांवर नव्या प्रजाती येण्याचा वेग २००७ ते २०१६ या दशकात, १९५७ ते १९६६ च्या दशकाच्या पाचपट होता.

एकाच्या सोळा झाल्या. वाढ झाली म्हणायची की काय? घाईत वाचलं तर आनंदाची बातमी. पण वर आलेल्या पंधरा प्रजाती खालून आल्यात, आणि त्या बहुतेक जास्त उंच वाढणाऱ्या, जास्त जोमानं पसरणाऱ्या असतात. आधीपासून माथ्यावर असलेल्या त्या एकीला आता वर जायला जागा नाही. डोंगर वर निमुळता होतो हे आपल्याला शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून माहीत आहे, पण ते झाडाच्या बाजूनं आपण क्वचित पाहतो. उंचावरची कित्येक झाडं चिवट आणि दीर्घायुषी असल्यामुळे ती लगेच मरतही नाहीत. वर्षानुवर्षं तग धरून राहतात, यादीत मोजली जातात, आणि यादी लांबच दिसते. त्यांच्या नावावर उधारी चढत असते, ती यादीत दिसत नाही.

भारतातही हम्बोल्टसारखी जुनी नोंद एका ठिकाणी आहे, सिक्कीममध्ये. जोसेफ हुकर १८४९-५० मध्ये तिथं हिंडला. या हुकरनं हम्बोल्टला वाचलं होतं आणि भेटलाही होता. त्याच्या नोंदींशी २००७ ते २०१० मधली निरीक्षणं ताडून केलेला अभ्यास २०१३ साली आला: तिथल्याच म्हणून असलेल्या १२४ प्रजातींपैकी ८७ टक्क्यांचा वावर सरकलाय. वरची हद्द कुठं २३ मीटरनं सरकली, कुठं ९९८ मीटरनं. सरासरी, दहा वर्षांत २७.५३ मीटर, अधिक-उणे २२.०४. हे अधिक-उणे मी मुद्दाम लिहिलं. बातमीत सगळ्यात आधी तेच गळतं, आणि माझ्या जुन्या लेखात असतं तर मीही गाळलं असतं. २७ च्या आसपास २२ चा झोल म्हणजे काही झाडं धावतायत आणि काही जवळपास जागेवर आहेत. म्हणजे शेजारी वेगळे होतायत. डोंगरावरची जी वस्ती आपण एक पट्टा म्हणून रंगवतो, हम्बोल्टच्या चित्रासारखी, ती पट्ट्यानं उठून वर जात नाही. तिच्यातली माणसं एकेकटी निघतात.

हम्बोल्टच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. त्यानं चिंबोराझोची उंची ६,५४४ मीटर दिली. आज ती ६,२६३ धरतात. फरक २८१ मीटरचा, म्हणजे अँटिसानावरच्या झाडांच्या दोनशे वर्षांच्या सरकण्यापेक्षा जास्त! शिखर दुरून कोन मोजून काढलेलं आणि झाडांची उंची सोबत वाहून नेलेल्या बॅरोमीटरनं, त्यामुळे ही चूक तशीच्या तशी झाडांना लागत नाही. पण किती थोड्या फरकासाठी आपण किती कच्च्या मोजणीवर भार टाकतोय, याची जाणीव असावी.

*

मग सह्याद्री? आपल्याकडे हिमरेषा नाही. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. कासचं पठार १,२०० मीटरच्या आसपास, त्याच्यावर आभाळ. सड्यावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरतं जगणाऱ्या झाडांना वर सरकायचं म्हटलं तर वर काही नाही. आणि आपल्याकडे हम्बोल्ट सोडाच, त्याची चूकही नाही. थिओडोर कूकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये आला. त्यात गावांची, घाटांची नावं मिळतात, पण कुठल्या उंचीवर कोण उगवतं याचा उभा छेद त्यातून काढता येत नाही. त्यामुळे कासबद्दल आपण बोलतो ते आठवणींतून: 'पूर्वी किती फुलायचं.' असेलही. मी त्या आठवणींना खोटं म्हणत नाही. पण त्यांना दगड नाही.

गेल्या सप्टेंबरात मामांना घेऊन कासला गेले. गर्दी होती, सगळे फोन वर करून उभे. तेरडा ओसरत होता, सोनकी नुकती सुरू झालेली. मी फोनवर उंची पाहून मामांना सांगितली. मामांनी दहा पावलं पुढं जाऊन पुन्हा विचारली. सपाट वाटेवर अठरा मीटरचा फरक आला.

"ह्यावर मोजतेस?" मामा म्हणाले. सिक्कीमच्या झाडांचं दहा वर्षांतलं सरकणं माझ्या फोनच्या चुकीत जवळजवळ मावत होतं.

मग त्यांनी खिशातली डायरी काढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. पायवाट न सोडता एक ठळक कातळ हेरला, वाटेच्या वळणापासून तो किती पावलांवर आहे ते मोजलं, कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं. दोन वर्षांनी आलो तरी सापडेल असा कातळ. त्याच्या खाचेतलं काय काय लिहायचं ते मी सांगायचं, असं ठरलं. सीतेची आसवं मला ओळखता आली. गेंदही. तिसरं एक होतं, पांढुरकं, करंगळीच्या नखाएवढं. नाव मला येत नव्हतं.

"नाव नंतर बघू," मामा म्हणाले, "जागा लिही."

घरी येऊन मी जुना लेख उघडला. पाचशे हा आकडा खोडला, पण पुसला नाही, वाचता येईल असा आडवी रेघ मारून ठेवला, आणि पुढं लिहिलं: २१५ ते २६६, अँटिसाना.